लेक विक्रीत आहे, हे सांगायला लाज कसली?

लग्न जुळवण्याच्या बैठकीत हल्ली एक शब्द हमखास ऐकू येतो. मुलगी काय करते, असे विचारले की आईवडील सांगतात, 'मार्केटिंगमध्ये आहे.' थोडे खोलात शिरले की कळते, ती औषध कंपनीची प्रतिनिधी आहे, बँकेची गृहकर्जे विकते, सदनिका दाखवते किंवा विम्याचे काम करते. म्हणजे ती विक्री करते. पण 'विक्री' हा शब्द काही केल्या ओठांवर येत नाही. मुलगी बँकेत गल्ल्यावर बसली असती, तर छाती पुढे काढून सांगितले असते. त्याच बँकेसाठी दारोदार फिरून ठेवी आणि ग्राहक मिळवणारी मुलगी मात्र 'मार्केटिंग' या परक्या शब्दाच्या पदराआड झाकावी लागते. मग पलीकडच्या बाजूने दुसरा प्रश्न येतो, 'लग्नानंतर हे फिरतीचे सोडेल ना?' आणि अनेकदा मुलीला न विचारताच होकार दिला जातो.

या संकोचाचे मूळ आपल्या भाषेतच दिसते. पुरुषाची 'बाजारात पत आहे' म्हणजे तो प्रतिष्ठित. स्त्रीच्या नावापुढे 'बाजार' हा शब्द आला की मात्र त्याचा अर्थच पालटतो. 'बाजारबसवी' ही तर उघड शिवीच. बाजार तोच, रस्ता तोच, तागडीही तीच. एकासाठी ते कर्तृत्वाचे क्षेत्र आणि दुसरीसाठी बदनामीचे! शब्द असे आपोआप बनत नाहीत. ज्या समाजाने ते घडवले, त्याच्या मनात काय होते, हे ते सांगून जातात. आणि हे मन केवळ गतकाळाचे आहे असे समजण्याचे कारण नाही. ते आजही वधूवरांच्या याद्या चाळत बसलेले असते.

गंमत अशी की, हीच मंडळी 'मराठी माणूस धंद्यात मागे का?' या विषयावरील परिसंवादाला पहिल्या रांगेत हजर असतात. व्यापार गेला, दुकाने गेली, मुंबई गेली, अशी हळहळ व्यक्त करून घरी येतात आणि घरातली पदवीधर लेक 'मला विक्रीच्या कामात पुढे जायचे आहे' म्हणाली की तिला स्पर्धा परीक्षेचे पुस्तक आणून देतात. धंदा म्हणजे दुसरे काय? कोणीतरी माल घडवतो आणि कोणीतरी तो विकतो. विकण्याला कमी लेखणारा समाज धंद्यात पुढे जाईल, ही अपेक्षाच वेडगळ आहे.

स्वदेशीचे तेच. स्वदेशी जागरण मंचाची स्थापना नागपुरात १९९१ साली झाली. तेव्हापासून आपण विदेशी वस्तूंच्या याद्या वाटत आलो. याद्या उपयोगी होत्या, यात शंका नाही. पण स्वदेशी वस्तू ग्राहकाच्या हातात नेऊन ठेवणार कोण, हा प्रश्न यादी छापून सुटत नाही. परदेशी कंपन्यांना ते बरोबर उमगले होते. १९९५ ते १९९८ या तीन-चार वर्षांत ओरिफ्लेम, टपरवेअर, ॲमवे अशा एकामागून एक कंपन्या भारतात उतरल्या आणि त्यांनी आपली विक्रीची फौज कोठून उभारली? आपल्याच घरांतून! दुपारच्या वेळी मोकळ्या असलेल्या, सुशिक्षित, शेजारीपाजारी विश्वास कमावलेल्या गृहिणींमधून. ज्या स्त्रीच्या विक्रीकौशल्यावर तिच्या सासरचा विश्वास नव्हता, त्यावर सातासमुद्रापलीकडच्या कंपनीने भांडवल लावले.

हे आपल्या परंपरेत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने आपली परंपराच पाहिलेली नाही. ज्या गौळणी आपण कीर्तनात डोलत डोलत ऐकतो, त्यांतील गवळणी डोक्यावर दुधादह्याची मडकी घेऊन कोठे निघाल्या आहेत? मथुरेच्या बाजाराला. त्या विक्रेत्या आहेत. अध्यात्माचा अर्थ आपापल्या जागी आहेच, पण त्या रूपकाची कल्पना ज्यांना सुचली त्या संतांना दही विकणारी स्त्री लाजिरवाणी वाटली नव्हती. मुंबईच्या कोळीवाड्यांत मासळी आणणे पुरुषाकडे आणि बाजार व पैशाचा व्यवहार स्त्रीकडे, ही वाटणी पिढ्यान् पिढ्यांची. कोळिणीशी भाव करून जिंकलेला गिऱ्हाईक अजून जन्माला यायचा आहे. आठवडी बाजारात माळीण आहे, चुड्यांची कासारीण आहे. राष्ट्र सेविका समितीने कर्तृत्वाचा आदर्श म्हणून ज्या अहल्यादेवींना आपल्यापुढे ठेवले, त्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले आणि त्या गावाच्या नावाची साडी देशभर जाण्याची वाट मोकळी केली. घाट आणि मंदिरे यांच्या वर्णनात अहल्यादेवींची ही व्यापारी दृष्टी झाकली जाते.

आणि ईशान्येकडे पाहा. मणिपूरची राजधानी इंफाळ येथील इमा कैथेल म्हणजे आईचा बाजार. तेथे विक्रीला बसणाऱ्या सर्व स्त्रियाच, त्याही परंपरेने विवाहित. भाजी, मासळी, हातमागाचे कापड, मडकी, सारे काही त्याच विकतात. १९३९ च्या डिसेंबरात टंचाईच्या काळातही इंग्रजी अंमलाखालील संस्थानातून तांदूळ बाहेर जात होता, तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्या याच स्त्रिया. मणिपुरी इतिहासात तो लढा 'नुपी लान', म्हणजे स्त्रियांचे युद्ध, या नावाने प्रसिद्ध आहे. बाजारात बसणारी बाई तेथे 'इमा' ठरली, आई ठरली. आपल्याकडे त्याच कृतीला दिलेला शब्द वर सांगितलाच आहे. पूर्वांचलाच्या सहलीहून परतलेल्या आपल्या कुटुंबांनी इमा कैथेलची छायाचित्रे जरूर दाखवावीत. पण मग घरातल्या सुनेच्या कामाबद्दलही त्याच कौतुकाने बोलावे.

पापड लाटणारीचे आपल्याला कौतुक असते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले, ही कथा आपण महिला मेळाव्यांत शंभरदा सांगितली असेल. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुन्हा सांगितली. पण पापड लाटून गच्चीवर वाळत राहिले असते तर ती कथा झाली असती का? कोणीतरी पहिला पुडा घेऊन दुकानदाराच्या पायरीवर उभे राहिले आणि 'घेऊन तर पाहा' म्हणाले, म्हणून झाली. आपल्या बचत गटांची अडचण नेमकी येथेच आहे. मसाले उत्तम, लोणची उत्तम, गोधड्या उत्तम; आणि सारे प्रदर्शनाची वाट पाहत खोलीत रचलेले. आपण प्रशिक्षण देतो ते शिवणाचे, मसाल्याचे, मेणबत्त्यांचे. विकण्याचे प्रशिक्षण कोण देते? भाव कसा ठरवावा, नकार कसा पचवावा, उधारी कशी वसूल करावी, हे शिकवणारा वर्ग मला फारसा कोठे दिसत नाही.

'रुबाबदार' मुलींचा बाजार

येथवर वाचून कोणाला वाटेल की, हा लेख बाजाराची आरती ओवाळण्यासाठी आहे. तसे मुळीच नाही. घराने नाक मुरडले म्हणून बाजाराने सन्मान दिला असे होत नाही. उलट ज्या स्त्रीच्या पाठीशी घर उभे नाही, तिला बाजार अधिक निर्दयपणे वापरतो.

विक्रीच्या नोकऱ्यांच्या जाहिराती पाहा. पुरुषासाठी अट अनुभवाची असते, दुचाकीची असते. तरुणींसाठी 'स्मार्ट', 'प्रेझेंटेबल', 'आकर्षक व्यक्तिमत्त्व'. विकायचे असते स्नानगृहाचे नळ. त्यासाठी आकर्षक व्यक्तिमत्त्व कशाला लागते? मोटारींच्या प्रदर्शनात गाडीशेजारी उभ्या केलेल्या मुलीला त्या गाडीच्या इंजिनाबद्दल कोणी विचारत नाही, आणि तिने सांगावे अशी कंपनीचीही अपेक्षा नसते. ती तेथे विक्रेती नसते, वेष्टन असते. याला स्त्रीचे सबलीकरण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. ज्या विक्रेतीचे मोल तिच्या वयाबरोबर घटते, तिला त्या धंद्याने कौशल्यासाठी घेतलेलेच नव्हते. चाळिशीतल्या, मालाची नस न् नस ओळखणाऱ्या, जुन्या ग्राहकांची नावे पाठ असलेल्या स्त्रीला जो मालक दर्शनी भागातून मागच्या नोंदवहीवर बसवतो, त्याला धंदाही कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता साड्यांच्या मोठ्या दुकानात चला. ग्राहकाला बसायला मऊ गादी किंवा खुर्ची, प्यायला पाणी, वर चहा. आणि दहा-दहा तास उभी राहणारी विक्रेती? केरळमध्ये कापडदुकानांतील स्त्रियांना दिवसभर बसू दिले जात नसे. प्रसाधनगृहात वारंवार जावे लागू नये म्हणून त्या पाणीही कमी पीत. त्यांनी वर्षानुवर्षे झगडून २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून घेतली आणि कामावर बसण्याचा हक्क मिळवला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. हक्क कसला, तर बसण्याचा! कारखान्यातील कामगारासाठी ही सोय १९४८ च्या कारखाना कायद्यातच सांगितलेली होती. दुकानातल्या स्त्रीला ती मिळायला सत्तर वर्षे लागली, आणि तीही कष्टकऱ्यांचे कैवारी म्हणवणारे पक्ष ज्या राज्यात आलटून पालटून सत्तेवर होते, तेथे. त्या स्त्रियांनी प्रस्थापित संघटनांकडे पाठ फिरवून स्वतःची संघटना बांधली, यातच सारे आले. परंतु केरळकडे बोट दाखवताना आपल्या शहरातल्या दुकानांकडेही नजर टाकावी. त्यांतील कित्येक मालक आपल्या परिचयाचे आहेत. दिवाळी अंकाला जाहिरात मागायला आपण जातोच. तेव्हा काउंटरमागे एक स्टूल आहे का, एवढे विचारायला काय हरकत आहे?

फिरतीवरच्या स्त्रीची अडचण तर याहून मूलभूत. औषध कंपनीची प्रतिनिधी सकाळी नऊला बाहेर पडते आणि शेवटच्या डॉक्टरांची वेळ रात्री साडेनऊची असते. मधल्या काळात तिने स्वच्छतागृहासाठी जायचे कोठे? मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने स्त्रियांनी याच प्रश्नावर चळवळ चालवली. ती चालवणाऱ्यांच्या इतर मतांशी आपले जमो न जमो, प्रश्न खरा होता. पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह कोणालाही विनामूल्य वापरता आले पाहिजे, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. पण पंपावर जाऊन पाहावे, त्याला अनेकदा कुलूप असते आणि किल्ली 'साहेबांकडे' असते.

नात्यांचे भांडवल

विक्रीचा आणखी एक प्रकार आहे आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना सर्वात जास्त दगा त्यानेच दिला आहे. तो म्हणजे साखळी विक्री. 'तुम्ही फक्त पाचजणींना जोडा, त्या प्रत्येकी पाचजणींना जोडतील' हे गणित ऐकायला गोड असते. पण पाचाचे पाचपट करीत गेले की दहाव्या पायरीला सत्त्याण्णव लाखांवर माणसे लागतात. एवढी मावशी-आत्या कोणाला असतात? मग माल विकण्यापेक्षा माणसे विकत घेण्यावर भर येतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाणाऐवजी माहितीपत्रक घेऊन परततात. भिशीत, भजनी मंडळात, मुलांच्या वाढदिवसात पुढचे सावज शोधले जाते. आजीने चाळीस वर्षे लोणच्याच्या बरण्या आणि दिवाळीचे फराळ वाटून जो विश्वास कमावला, तो नात दोन वर्षांत साबण-शांपूच्या मोबदल्यात संपवते, आणि शेवटी कपाटभर माल तिच्याच घरात पडून राहतो.

१९७८ चा पैशांच्या साखळी योजनांना बंदी घालणारा कायदा होताच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे वेगळे नियमही केले. सामील होण्यासाठी शुल्क घेता येणार नाही, पिरॅमिड योजना चालवता येणार नाही, विक्रेतीने ओळखपत्र आणि पूर्वपरवानगी असल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पुढच्याच एप्रिलमध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲमवेच्या ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्तेवर टाच आणली. तेव्हा कोणी मैत्रीण 'सुरुवातीला एवढे भरावे लागतात' म्हणाली, तर तेथेच उठावे. भरावे लागणे हीच बेकायदेशीरपणाची पहिली खूण आहे.

विम्याचे काम या जातीचे नाही. ते अंगभूत सचोटीचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पानिपत येथे आयुर्विमा महामंडळाच्या 'विमा सखी' योजनेचा प्रारंभ केला. दहावी उत्तीर्ण स्त्रियांना तीन वर्षे प्रशिक्षण आणि विद्यावेतन: पहिल्या वर्षी दरमहा सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच. पुढील विद्यावेतनासाठी आधी विकलेल्या विमापत्रांपैकी किमान ६५ टक्के चालू असायला हवीत, ही अट मला सर्वात महत्त्वाची वाटते. कारण चुलतभावाच्या गळ्यात मारलेली पॉलिसी दुसरा हप्ता पाहत नाही. योजना स्वागतार्ह आहे. पण तीन वर्षांनंतर ती स्त्री निव्वळ कमिशनवर असेल, आणि कमिशनवरची विक्रेती कोणाचीच नोकर नसते, हेही तिला आधीच सांगायला हवे. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली. कमिशनवरच्या स्त्रीचे बाळंतपण तिच्या स्वतःच्या बचतीवर होते. स्त्रीमुक्तीच्या व्यासपीठांवरून स्त्री घराबाहेर पडली की मुक्त झाली असे सांगितले गेले. बाहेर पडलेली स्त्री कोणत्या करारावर सही करते, हे मात्र फार थोड्यांनी वाचून पाहिले.

कौटिल्याचा दिवा

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाचे प्रकरण आहे. सूत कातणाऱ्या विधवा आणि घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना काम कसे द्यावे, हे कौटिल्य सांगतो. ज्या स्त्रिया स्वतः सूतशाळेत येतील, त्यांच्याशी पहाटे व्यवहार करावा आणि दिवा सूत तपासण्यापुरताच असावा. अधिकाऱ्याने स्त्रीच्या तोंडाकडे पाहिले किंवा कामाखेरीज इतर गोष्टी बोलल्या, तर त्याला दंड. आणि वेतन द्यायला उशीर केला, तर त्याहूनही मोठा दंड! हे वाचून आपण 'पाहा, आमच्याकडे सारे होतेच' म्हणून पुस्तक मिटतो. ते तसे मिटू नये. कौटिल्याने स्त्रीला सूतशाळेत येऊ नको असे सांगितले नाही. अधिकाऱ्याला नजर खाली ठेव, असे बजावले. बंधन कोणावर घातले, हे नीट पाहावे.

आपण नेमके उलटे करतो. फिरतीच्या वाटेवर कोणी वाकडे बोलले की मुलीची नोकरी सोडवतो. वस्तुतः २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा कामानिमित्त भेट दिलेली प्रत्येक जागा 'कामाचे ठिकाण' मानतो. म्हणजे ग्राहकाचे कार्यालय, डॉक्टरांचा प्रतीक्षाकक्ष, कंपनीने पुरवलेली गाडी, सारे त्यात आले. त्रास देणारा कंपनीचा नोकर नसून ग्राहक असेल, तरी स्त्रीची इच्छा असल्यास त्याच्यावर कारवाई सुरू करण्यास मालक बांधील आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानातील मुलीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते. आपल्या जिल्ह्याच्या समितीत कोण आहे, तिचे कार्यालय कोठे आहे, हे प्रत्येक शाखेतल्या दोघांना तरी ठाऊक असावे. मुलीच्या वडिलांना 'सोडून दे' याखेरीज दुसरे काही सुचत नाही, ते बहुधा ठाऊक नसल्यामुळेच.

संघाच्या शताब्दीनिमित्त जी पाच परिवर्तने समाजापुढे ठेवली गेली, त्यांत कुटुंब प्रबोधन आहे आणि स्वदेशीही आहे. हे दोन विषय एकाच घरात एकत्र येतात ते विक्री करणाऱ्या स्त्रीच्या रूपाने. आपल्या घरांत आर्थिक वर्षाची अखेर म्हणजे नवऱ्याच्या कार्यालयातील ताण, हे सर्वांना समजते. सुनेचेही मार्चअखेरचे उद्दिष्ट असते, आणि त्याच दिवसांत कधी गुढीपाडवा येतो, हे समजून घ्यायला घराला थोडे सरकून बसावे लागते. पुरणपोळी सासऱ्यांनी लाटली तर गुढी खाली येत नाही.

विक्रीच्या धंद्यात गर्दीचे दिवस म्हणजे आपले सणच. अक्षय्य तृतीयेला सराफाच्या दुकानात, दसऱ्याला वाहनांच्या दालनात, धनत्रयोदशीला भांड्यांच्या गल्लीत ज्या मुली रात्री दहापर्यंत हसतमुखाने उभ्या असतात, त्यांच्या घरीही देव्हारा असतो. सण आपण त्यांच्याकडून विकत घेऊन येतो. लक्ष्मीपूजनाला दुकानाचे मालक वह्या मांडून पूजा करतात, पेढे वाटतात, आणि विक्रेती शेवटच्या गिऱ्हाइकाची पावती फाडून लोकलची वाट पाहत फलाटावर उभी असते. आपल्या परिचयातील व्यापाऱ्यांशी बोलून त्या एका दिवशी स्त्री कर्मचाऱ्यांना प्रदोषकाळापूर्वी घरी पोहोचेल अशा बेताने सोडण्याचे ठरवता येईल. आणि ग्राहक म्हणून आपली खरेदी आदल्या दिवशी उरकता येईल. या दिवाळीपूर्वी प्रत्येक नगरातून दहा दुकानदारांकडे एवढेच बोलणे घेऊन जावे.